उभ्या गाडीची काजळी

तो दिवा आधी माझ्या सुनेला दिसला. अंगण झाडता झाडता ती पिकअपच्या दाराशी थांबली, काचेतून आत डोकावली आणि म्हणाली, "आबा, हे पिवळं काय लागलं? काल तर नव्हतं."

मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. गाडी अंगणात सुरू होती. रोज सकाळी ती सुरू असायची. चहा होऊन पेपर अर्धा वाचून होईपर्यंत ती उभ्या जागी घरघरत राहायची, मग मी उठून चावी फिरवायचो. मुलगा गेल्यापासून आमच्या घरात हा नेम झाला होता.

नेम कसा लागला ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मुलगा भाद्रपदात गेला. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि आठवडा उलटायच्या आत आम्ही त्याला तापीवर घेऊन गेलो. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. तेरा दिवस घरात समई तेवत होती आणि माझी बायको तिच्याशेजारी बसून होती. तेरावं झालं, पाहुणे गेले, समई घासून कपाटात गेली, तरी बायको त्या जागेवरून उठेना. शेजारच्यांनी सांगितलं, गाडी इतके दिवस बंद ठेवू नका, बॅटरी उतरेल. म्हणून एका सकाळी मी चावी घेऊन बाहेर गेलो आणि गाडी सुरू केली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात गेली होती. मुलाची रोजची रीत अशी होती की गाडी सुरू करून तो ओट्यावर बसायचा आणि इंजिन तापेपर्यंत चहा प्यायचा. त्या आवाजावर आधण ठेवायची तिच्या हातांना सवय होती. तिने चार कप मांडले, मग एक उचलून फळीवर ठेवला. पण चहा केला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गाडी सुरू केली. मग रोजच करू लागलो.

गाडी फाटकाबाहेर मात्र कोणीच नेली नाही. मला चालवता येते ती फक्त स्कूटर. सुनेला येते. ती दापोऱ्याची, केळीवाल्यांच्या घरातली. ट्रॅक्टर ती लग्नाआधीच शिकली होती आणि पिकअप माझ्या मुलाने तिला शिकवली. दापोऱ्याच्या मळ्यांतून केळी भरायची आणि बऱ्हाणपूरच्या मंडीत आणायची, हा त्याचा धंदा. मंडीतून रिकामं परतताना तो तिला चालवायला द्यायचा. लायसन्सही काढून दिलं होतं. पण त्या दिवसांत ती गाडीजवळ जायची ती फक्त झाडू घेऊन.

दिवा दिसल्यावर मी मुलाच्या दोस्ताला फोन केला. दोघे एका बाकावर शिकलेले, त्याचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्याला आहे. तो आला, स्टिअरिंगखाली हात घालून एक यंत्र लावलं, त्याच्या पडद्यावर दोन-चार बटणं दाबली आणि दिवा गेला.

"काय होतं?" मी विचारलं.

"कुछ नही काका, कोड होता. उडवून दिला."

दोन दिवसांनी दिवा परत लागला. या वेळी तो जरा वेळ बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, खरं सांगू? नव्या मॉडेलमध्ये हीच झंझट आहे. सायलेन्सरमध्ये जाळी असते, ती भरली. मी काय करतो, जाळी काढून टाकतो, आतून पोकळ करतो, कम्प्युटरमध्ये एक सेटिंग मारतो. फिर जिंदगीभर लाईट नाही लागणार."

"आणि धूर?"

"धूर तर निघणारच. डिझेल गाडी आहे काका, अगरबत्ती थोडीच आहे!"

मला हसू आलं, पण मी नको म्हणालो. माझी सगळी नोकरी कागदाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत गेली. पेजेसारखा पांढरा लगदा जाळीवर ओतायचा, पाणी किती वेगाने निथळतं ते पाहायचं आणि आकडा लिहायचा, हे काम मी केस पिकेपर्यंत केलं. आकडा वाईट आला तर लगद्यात काहीतरी चुकलं आहे असं आम्ही धरत असू. आकडा नको म्हणून जाळीच फेकून द्यावी, हे कोणाच्या मनात येत नसे. दोस्ताला हे सांगून उपयोग नव्हता. तो मदतच करत होता.

त्याच दिवशी दुपारी सुनेचा भाऊ आला. तो तिच्याहून मोठा, बोलायला तोंडाळ, मनाने फार चांगला. पाणी पिऊन झाल्यावर टोपी मांडीवर ठेवून त्याने विषय काढला.

"मामा, वाईट नका वाटून घेऊ, पण गाडी इकून टाकू. चांदनी गावचा एक माणूस पाहून ठेवला मी. रविवारी घेऊन येतो."

"आणि मी?" सून दारातून म्हणाली.

"तू घरी चाल दापोऱ्याले. मी काय मेलो का?"

"मले कुठी नाही जायचं. मी गाडी चालवीन. दापोऱ्याचाच माल नेईन."

"मंडीत सगळे गडी असतात, बाई. तिथल्या शिव्या आयकशील तू?"

"लहानपणापासून तुह्याच आयकत आली ना."

माझी बायको आतून हसली. खूप दिवसांनी. भावालाही ते ऐकू आलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"बरं, मंडीचं सोड. पण गाडी आजारी आहे, हे तर खरं ना? अर्ध्या रस्त्यात माल घेऊन बसली तर काय करशील? केळी उन्हात काळी पडतील, अन् पुन्हा कोणी तुले घड देणार नाही. दाजी होते तर रस्त्यात उतरून काहीतरी करायचे. धड गाडी असती तर मी एक शब्द बोललो नसतो."

"धड झाली तर?"

"रविवारच्या आत?"

"रविवारच्या आत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुमी साक्षीदार. दिवा इझला अन् इझलेला राहिला, तर चांदनीवाल्याले मी फाटकातूनच परत पाठवतो. नाही तर हिनं मुकाट्यानं चालायचं."

ती "हो" म्हणाली आणि आत गेली. मला कोणी काही विचारलं नव्हतं. गाडी राहावी असं मला वाटत होतं, सून राहावी असंही वाटत होतं. पण तिने कुठे राहावं हे ठरवणारा मी कोण? एवढंच नक्की वाटलं की तिचं उरलेलं आयुष्य एका पिवळ्या दिव्यामुळे इकडचं तिकडे होऊ नये. जायचंच असेल तर तिने ठरवून जावं.

मी कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक, वाचणारी डबी मागवली. मोबाईलवर शोधली, दोस्ताला दाखवली. तो म्हणाला, "खिलौना आहे काका, पण वाचेल." गुरुवारी ती कुरिअरने आली. आगपेटीएवढी, मागे दोन ओळींत टोकं. आता ती खोचायची जागा शोधायची होती. ती स्टिअरिंगखाली असते एवढं मी वाचलं होतं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी गाडीच्या दारातून अर्धा आत शिरलो, पाठ पायपुसण्यावर टेकवली आणि वर पाहू लागलो. वायरींचं जाळं दिसत होतं.

"आबा, तुमचे पायच बाहेर दिसतात फक्त," सून म्हणाली. "कोणी पाहिलं तर म्हणतील, सासऱ्याला गाडीखाली घातलं."

"टॉर्च धर नीट."

तिने वाकून टॉर्च धरली. सीटच्या पाठीला मुलाचा जुना शर्ट चढवलेला होता, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला. तो डाग कशानेही जात नाही. असे शर्ट तो घरात आणायचाच नाही, गाडीला घालायचा. टॉर्चचा उजेड क्षणभर त्या शर्टावर थांबला, मग पुन्हा वर गेला.

"ते काय, पांढरं. गुडघ्याजवळ," ती म्हणाली.

तीच जागा होती. डबी बसली. मोबाईल काही केल्या तिच्याशी बोलेना. मी उठून बसलो, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सूचना वाचल्या. चावी फिरवून ठेवायची राहिली होती. चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे उजळले, एकेक विझले, आणि पिवळा तेवढा राहिला. मोबाईलवर एक चाक फिरत राहिलं आणि मग ओळ आली. पी २४६३. पुढे इंग्रजीत अर्थ होता की धुराच्या गाळणीत काजळी साचली आहे.

गाडीचं पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं, अजून पारदर्शक पिशवीत. मुलाने ते कधी उघडलंच नव्हतं. मी शुक्रवारचा सगळा दिवस ते वाचत बसलो. आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली, पण एखाद्या परिच्छेदाकडून इतकी आशा कधी ठेवली नव्हती.

पुस्तकात लिहिलेलं आणि मोबाईलवर शोधलेलं एकमेकांना लावून पाहिल्यावर मला जे समजलं ते असं. डिझेलच्या धुरात काजळी असते. नव्या गाडीत ती बाहेर सोडत नाहीत, गाळणीत अडवतात. गाळणी भरत आली की गाडीने ती स्वतःच जाळायची असते. त्यासाठी धूर फार तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने, ओझं घेऊन, सलग चालली तर. गाळणीच्या अलीकडे आणि पलीकडे धुराचा दाब मोजणारं एक साधन असतं. दोन्हींतला फरक वाढला म्हणजे गाळणी तुंबली. हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. जाळीवर लगदा दाटला की पाणी वर थांबून राहतं, तीच गोष्ट.

त्याच गाळणीचा दुसराही एक कोड असतो, पी २४२एफ. तो राखेचा. काजळी जळते तेव्हा तिची चिमूटभर राख गाळणीत उरते. ती पुन्हा जळत नाही, कितीही तापवली तरी. वर्षानुवर्षांनी ती इतकी साठते की गाळणी काढूनच साफ करावी लागते. तो कोड असता तर रविवारच्या आत काही होण्यासारखं नव्हतं. मी चावी फिरवून पुन्हा एकदा पडदा वाचला. काजळीचाच होता. हातात अस्थींचं मडकं धरून मी नुकताच नदीवर उभा राहिलो होतो. काजळी आणि राख यांतला फरक मला त्या दिवशी जितका स्पष्ट कळला तितका एरवी कळला नसता.

आणि मग ते वाक्य आलं, तळाशी, चौकटीत. गाडी उभी करून इंजिन जास्त वेळ चालू ठेवू नये. गाळणीत काजळी लवकर साचते.

मी पुस्तक मिटलं. ओट्यावर ऊन आलं होतं. बायको माझ्यापासून दोन हातांवर बसून वाती वळत होती.

"सापडलं का?" तिने विचारलं.

"सापडलं."

"काय?"

सांगावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. पण गाडी पुन्हा उभ्या उभ्या सुरू ठेवली असती तर सगळं व्यर्थ होतं. मी तिला सांगितलं, जसं पुस्तकात होतं तसं.

तिचे हात थांबले. "म्हणजे मीच बिघडवली त्याची गाडी."

"चावी मी फिरवत होतो."

"माझ्यासाठीच ना?"

 सून आतून कणकेच्या हातांनी बाहेर आली होती. तिने ऐकलं होतं.

"कोणी नाही बिघडवली, आई," ती म्हणाली. "तिला पळायची सवय, आपण तिला अंगणात बसवून ठेवलं. पळवली की होईल ती बरी. आबा, पुस्तकात हेच आहे ना?"

"हेच आहे."

"मग बघायचं काय?"

बायकोने वात पूर्ण वळली आणि बाजूला ठेवली. "उद्यापासून नका करू सुरू," ती मला म्हणाली.

मी कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला. तिथल्या माणसाने नंबर सोमवारचा दिला, पण विचारलं, गाडी ओढते का, लाल दिवा तर नाही ना. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग टाकीत डिझेल भरपूर भरा आणि लांब चालवून बघा. दिवा नाही गेला तर सोमवारी आणा, इथे मशीनने जाळू." टाकीचं मलाही पुस्तकात दिसलं होतं. डिझेल कमी असेल तर गाडी काजळी जाळायला घेतच नाही. आमचा काटा तळाला होता. भाद्रपदापासून तिच्यात कोणी काही घातलं नव्हतं, रोज सकाळी थोडं थोडं जाळलं मात्र होतं.

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात इंजिनाचा आवाज झाला नाही. चहाला उशीर झाला. पण झाला. तो पिऊन सून उठली, पदर खोचला आणि शर्टाने झाकलेल्या सीटवर जाऊन बसली. मी पलीकडे, मांडीवर मोबाईल घेऊन. बायको फाटक उघडायला आली. गाडी सुरू झाल्या झाल्या सुनेने न थांबता ती तशीच बाहेर काढली.

आधी डिझेल, मग दापोरा. रिकामी गाडी नेण्यात अर्थ नाही हे तिचंच म्हणणं. "ओझं असलं की इंजिन घाम गाळतं, आबा." तिच्या भावाने खंडव्याच्या एका फळवाल्याशी बोलून ठेवलं होतं. भाऊ मळ्यात उभा राहून घड भरून घेत होता आणि बोलत होता.

"माह्याच केळीवर तुहा प्रयोग."

"तुह्या केळीवरच मी वाढली, तेव्हा कुठी म्हटलं काही?"

"मामा, बसली ना ही गाडी घाटात, तर केळी तुमी दोघंच खाजा. मी येणार नाही घ्यायले."

पण घडांमध्ये पाला दाबून दाबून त्यानेच भरला, आणि दोरही त्यानेच पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. निघण्याआधी मी मोबाईलवरून कोड पुसला. दोस्ताने पुसला होता तसाच. पण त्याने पुसल्यावर गाडी अंगणातच उभी राहिली होती. आम्ही खंडव्याच्या रस्त्याला लागलो.

सुरुवातीला काही होईना. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, मध्येच म्हशी. ती वेग धरायची, धरला की समोर कोणीतरी यायचं. मी मोबाईलवरचे आकडे मोठ्याने वाचत होतो, प्रयोगशाळेत मदतनिसाला सांगायचो तसे. धुराचं तापमान दोनशेच्या वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. दाब तसाच. निंबोल्याच्या पुढे गाळणीचा छोटा दिवा लागला. इंजिनाच्या दिव्याच्या आधी तो लागतो. मी काही बोललो नाही. तिनेही पाहिला होता.

"वाचत राहा, आबा," ती म्हणाली. "तुम्ही गप्प झालात की मला भीती वाटते."

मी वाचत राहिलो. असीरगड समोर आला आणि रस्ता चढू लागला. तिने गिअर खाली घेतला, इंजिनाचा आवाज भरला आणि तसाच भरलेला राहिला. तापमान तीनशे, साडेतीनशे. मग चढ सुरू असतानाच आकडा अचानक उड्या मारू लागला. चारशेच्या पुढे, पाचशेच्या पुढे. खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा उग्र वास आला.

"जळतंय का काही?" तिने विचारलं.

"काजळी," मी म्हणालो. "तिने जाळायला घेतली. आता सोडू नकोस."

नेमक्या त्याच वेळी समोर डाव्या हाताला ती चहाची टपरी आली. मुलगा खंडव्याला भाडं घेऊन गेला की तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. टपरीवाल्याने लांबूनच गाडी ओळखली. त्याने हात वर केला, आणि दुसऱ्या हाताने पातेलं चुलीवर सरकवलं. त्याला काही माहीत नव्हतं. माझा हात नकळत दाराकडे गेला. त्या माणसासमोरून न थांबता जाणं मला जमलं नसतं.

गाडी तिच्या हातात होती. तिने हॉर्न वाजवला, एकदाच, आणि वेग कमी केला नाही.

"आत्ता नाही थांबायचं, आबा," ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि नजर रस्त्यावर होती. "वाचा. किती झालं?"

मी वाचलं. दाब उतरत होता. फार हळू, एखाद्या आकड्याने, मग थांबायचा, मग पुन्हा एखाद्या आकड्याने. जाळीवरचं पाणी निथळू लागतं तसा. घाट संपला, मोकळा रस्ता लागला, मी वाचत राहिलो, ती चालवत राहिली. कधीतरी गाळणीचा दिवा विझला. तो विझताना मी पाहिला नाही, कारण मी आकड्यांत होतो. तिने पाहिला. तिने फक्त एवढंच म्हटलं, "गेला." मग तापमान आपोआप खाली आलं.

खंडव्याला केळी उतरवली. एकही घड काळा पडला नव्हता.

परतताना ती टपरीवर थांबली. टपरीवाला हातातलं फडकं खांद्यावर टाकून पुढे आला, गाडीत डोकावला आणि घोटाळला.

"सकाळी थांबले नाही, म्हटलं भाऊ रागावले का काय," तो म्हणाला. "कुठे आहेत?"

मी शब्द जुळवत होतो. सून खाली उतरली.

"ते नाहीत आता," ती म्हणाली. "भाद्रपदात गेले. गाडी मी चालवते. सकाळी थांबता आलं नाही, गाडीचं काम चालू होतं."

 टपरीवाल्याने बाकड्यावरची धूळ खांद्यावरच्या फडक्याने झटकली आणि म्हणाला, "बस बेटा. त्यांना आलं जास्त लागायचं. तुला?"

"मलाही तेवढंच."

त्याने आलं ठेचलं. आम्ही चहा प्यायलो. "गाडी मी चालवते" हे तिने पहिल्यांदाच असं, कोणाशी न भांडता म्हटलं होतं. मला वाटतं, रविवारचा निकाल तिथेच लागला. पुढची नुसती तपासणी होती.

ती तपासणी तिच्या भावाने मन लावून केली. रविवारी तो आमच्या अंगणात आला, एकटाच. चांदनीच्या माणसाला त्याने बाहेर कोपऱ्यावर थांबवलं होतं. तो गाडीत बसला, चावी फिरवली, दिवे उजळून विझले. बंद केली, पुन्हा फिरवली. मग म्हणाला, "चक्कर मारून येतो," आणि बहिणीला शेजारी बसवून शहरभर फिरून आला. परत येऊन पुन्हा चावी फिरवली. मी डबी लावून त्याला मोबाईल दाखवला. कोड नाही, असं तिथे लिहिलं होतं.

"मामा, हे तुमी तर नाही लिहिलं ना?"

"दादा!" सून म्हणाली.

"बरं बरं." तो उतरला, दार लावलं, बोनेटवर एक थाप मारली. "आता रस्त्यात बसली तर मले फोन कर. अन् मंडीत कोणी काही बोललं तर मले नको सांगू, तूच बोल. तुहं तोंड काही कमी नाही." मग तो चांदनीच्या माणसाची समजूत घालायला फाटकाबाहेर गेला. जाता जाता थांबून म्हणाला, "उद्या पहाटे ये मळ्यात. घड काढून ठेवतो."

सोमवारी मी उठलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. स्वयंपाकघरात दिवा होता. बायकोने चहा आधीच टाकला होता, कोणताही आवाज ऐकायची वाट न पाहता. सुनेने उभ्या उभ्या कप संपवला, बाहेर गेली आणि गाडी सुरू केली.

बायको दारात येऊन उभी राहिली. मी फाटक उघडलं. गाडी क्षणभरही रेंगाळली नाही. दिवे लावून ती बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि आवाज दापोऱ्याच्या बाजूला जाऊ लागला. तो लहान होत होत अगदी बारीक झाला, तरी बायको दारात उभीच होती, मान थोडी कलती करून.

"ऐकू येतोय अजून?" मी विचारलं.

"येतोय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गेला." आणि तिने फळीवरचा चौथा कप काढून धुतला, आणि परतल्यावर सुनेला लागेल म्हणून ताटलीखाली झाकून ठेवला.